कावीळ, गाठ आणि क्षय : निदानाआधी निराशा नको



क्षय म्हटले की खोकला आणि छाती आठवते. परंतु यकृत, पित्तनलिका आणि स्वादुपिंड यांनाही क्षय होतो. तो विरळा आहे. पण वेळीच ओळखला तर बहुधा औषधाने बरा होतो.

बारीक ताप, वजन घटणे, भूक मरणे, पोटात वरच्या बाजूस दुखणे ही त्याची लक्षणे. गाठींचा पित्तनलिकेवर दाब आला म्हणजे कावीळ होते. आपल्या खुलताबाद तालुक्यात काय किंवा अवघ्या मराठवाड्यात काय, कावीळ दिसली की पुष्कळ माणसे प्रथम झाडपाल्याकडे वळतात. त्यात मोलाचा काळ जातो.

पुढे सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते. क्षयाची गाठ आणि कर्करोगाची गाठ तेथे हुबेहूब सारखी दिसू शकते. घरचे लोक हाय खातात आणि रुग्णाला परत आणतात. थुंकीत जंतू नाहीत, छातीचा एक्स-रे साफ आहे, एवढ्यावरून क्षय नाही असेही ठरत नाही.

म्हणून आमचे सांगणे एकच : गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय आशा सोडू नका. सुईने किंवा दुर्बिणीतून तुकडा काढतात. त्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी जातो. दुसरा फॉर्मॅलिनविना, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला तर जंतू मरतात, कल्चर होत नाही. या अवयवांत जंतू थोडे असतात. म्हणून सर्व अहवाल एकत्र पाहूनच डॉक्टर निर्णय करतात. उलट, तपासणीविना क्षयाच्या गोळ्या घेणेही घातक. कर्करोग असेल तर वेळ जातो, शिवाय त्या गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते.

पोटाच्या विकाराने एकाकी पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, हे विनयपिटकात आहे. तोच धम्म आज आचरायचा तर रुग्णासोबत घाटी रुग्णालयापर्यंत एका शिकलेल्या तरुणाने जावे, कागद सांभाळावेत आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "तुकडा दोन्ही तपासण्यांना गेला का?" शासनाकडून क्षयाची औषधे मोफत मिळतात, नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी दरमहा 1000 रुपयेही आहेत. विद्यार्थ्यांनो, तुमचे शिक्षण येथे कामी येऊ द्या.

नमो बुद्धाय. जयभीम.