जुने यंत्र, नवे कार्ड

दिल्लीतील नेहरू प्लेसच्या संगणकबाजारात नखाएवढी मेमरी कार्डे काउंटरवर मांडलेली असतात. बहुतेकांना ती मोबाईलसाठी अगर कॅमेऱ्यासाठी हवी असतात. क्वचित एखादा हौशी गृहस्थ मात्र सर्वांत लहान क्षमतेचे कार्ड मागतो. दुकानदाराला नवल वाटते, आणि ते साहजिकही आहे. कारण हे कार्ड ज्या यंत्राला लागावयाचे, त्याचे वय चाळिशीच्या घरात असते.

१९८४ साली भारत सरकारने शाळांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून 'क्लास' ही योजना आरंभिली. दिल्लीच्या एन.सी.ई.आर.टी.चा तीत सहभाग होता. त्यासाठी ब्रिटनचा बीबीसी मायक्रो हा संगणक निवडण्यात आला. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट! पाठ आणि कार्यक्रम साठवावयाचे ते फ्लॉपीवर किंवा ध्वनिफितीवर. आज या फ्लॉप्यांवरील चुंबकीय थर सुटू लागला आहे. एखाद्या शिक्षकाने स्वतः रचलेला गणिताचा पाठ त्यावर असेल, तर त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते.

येथे कार्ड मदतीला येते. एसडी कार्डाला दोन बोल्या अवगत असतात. एक वेगवान, दुसरी संथ, मोजक्या तारांवरून बोलावयाची. ही दुसरी बोली जुन्या संगणकालाही पेलते. कार्डाला ३.३ व्होल्ट लागतात आणि यंत्र ५ व्होल्टचे, म्हणून मध्ये छोटेसे जोडमंडल बसवावे लागते, इतकेच. मग २०० किलोबाइटच्या ५११ फ्लॉप्यांच्या प्रती एकाच फाइलीत मावतात. ती फाइल भरते सुमारे १०० मेगाबाइट. कार्डाचा एक कोपराही त्याने भरत नाही.

मात्र कार्ड म्हणजे तिजोरी नव्हे. फ्लॅश स्मृतीत माहिती टिकते ती कोंडून ठेवलेल्या विद्युद्भारामुळे. पुसणे होते ते एकेका अक्षराचे नव्हे, तर सबंध गठ्ठ्याचे, आणि प्रत्येक पुसण्यागणिक भार अडविणारा पडदा थोडा झिजतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात ही स्मृती सिद्ध केली; सारे क्षणात पुसले जाते म्हणून कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून तिला नाव मिळाले. नावातच पुसणे आहे, हे विसरून चालत नाही!

शिवाय बनावट कार्डे असतातच. आत जागा थोडी, पण कार्ड संगणकाला सांगते मोठा आकडा. पहिल्या फाइली नीट उमटतात, पुढच्या मुकाट्याने नाहीशा होतात. यास उपाय एकच : कार्ड काठोकाठ भरावयाचे आणि सारे परत वाचून ताडून पाहावयाचे. त्यात एखादी दुपार जाते, पण ती वाया जात नाही.

फ्लॉपीच्या बाबतीत तर एवढीही सवड नसते. थर सुटलेली फ्लॉपी एकदाच वाचली जाईल, दुसऱ्यांदा नाही, असे पुष्कळदा घडते. म्हणून जाणता हौशी ती प्रथम वाचून घेतो, प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवतो, आणि मगच कार्ड त्या जुन्या यंत्राला लावतो.