रसत्याग आणि रसहानी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



चवीशिवाय जेवणे ही गोष्ट जैन कुटुंबाला नवीन नाही. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपदाच्या ओळीत नऊ दिवस आयंबिल करणारी माणसे नांदेड-लातूरच्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहेत. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळण सारे वर्ज्य. दिवसातून एकदाच, एका आसनावर बसून, उकडलेले रुक्ष अन्न. दिगंबर परंपरेतही एखाद्या रसाचा ठरावीक काळासाठी वा आजन्म त्याग करणारे श्रावक आढळतात. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य तपाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत रसपरित्याग हा चौथा होय.

नेमक्या याच कारणाने एक गैरसमज आपल्या समाजात सहज शिरतो. घशाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेला गृहस्थ घरी येतो, त्याला कशाचीच चव लागत नाही, घास गिळवत नाही, आणि भेटायला आलेली मंडळी म्हणतात, “काही हरकत नाही, आपोआप आयंबिल घडते आहे, कर्मनिर्जरा होते आहे.” बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचाच असतो. परंतु हे वाक्य घातक आहे. त्याग इच्छेने होतो. जे हिरावून घेतले गेले, त्याला हानी म्हणतात. तपस्वी पारण्याच्या दिवशी पुन्हा रसाकडे येऊ शकतो. या रुग्णाला पारण्याची तिथी कोणी सांगू शकत नाही. शिवाय तपस्व्याने कमी खाल्ले तर त्याची साधना होते, रुग्णाने कमी खाल्ले तर त्याचा उपचार फसतो.

उपचार कसा फसतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. घशाच्या कर्करोगासाठी पूर्ण मात्रेचे किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे चालतात. रुग्णाच्या चेहऱ्याच्या आणि मानेच्या मापाचा जाळीदार साचा तयार करतात व तो बसवून दररोज त्याच जागी, त्याच कोनातून किरण देतात. रुग्णाचे वजन झपाट्याने उतरले की साचा सैल पडतो आणि नेम चुकण्याची शक्यता निर्माण होते. अशक्तपणामुळे मध्येच काही दिवस उपचार थांबवावे लागले तर उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो व रोग बरा होण्याची शक्यता घटते. म्हणजे त्या सात आठवड्यांत पोटात गेलेली प्रत्येक वाटी हा औषधाचाच भाग असतो.

चव जाते तीही दोन वाटांनी. जिभेवरील रुचिपेशींचे आयुष्य मुळात सुमारे दहा दिवसांचे. जुन्या जातात, नव्या येतात. किरणांमुळे नव्या येणे थांबते. म्हणून पहिल्या आठवड्यात रुग्ण नेहमीसारखा जेवतो, घरचे निश्चिंत होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक साखर मातीसारखी, पाणी धातूसारखे लागू लागते. दुसरी वाट लाळेची. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. अन्न लाळेत विरघळल्याशिवाय त्याची रुची जिभेपर्यंत पोहोचत नाही. लाळग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की तोंड कोरडे पडते, उरलेली लाळ दोरीसारखी चिकट होते. त्यातच तोंडाला व घशाला व्रण पडतात. ज्या मराठवाड्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी हेच जेवण, तेथे या तिन्ही गोष्टी रुग्णाच्या शत्रू ठरतात: भाकरी घशात अडकते, चटणीचे कण व्रणांत रुततात, तिखट आग लावते.

या दुःखाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण श्री. शरद पवार यांचे. त्यांचा कर्करोग घशाचा नव्हे, तोंडाचा. परंतु खाण्याची परवड तीच. २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत रोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली आणि छत्तीस वेळा किरणोपचार घ्यावे लागले. सकाळी मंत्रालयाचे काम आणि दुपारनंतर रुग्णालय असा क्रम त्यांनी चालविला. दात काढावे लागले, तोंड पुरेसे उघडत नाही, गिळताना व बोलताना त्रास होतो, हे त्यांनी पुढे जाहीर सभांतून स्वतः सांगितले आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीलाही बोल लावला. त्या वर्षी देशाच्या कृषी आणि अन्न खात्याचा भार त्यांच्याकडे होता, ही नियतीची विचित्र योजनाच म्हणावी लागेल. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते सार्वजनिक जीवनात वावरले. जेवणाची रीत बदलूनही माणूस जगतो व कामही करतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आता प्रत्यक्ष ताटाचा विचार. रुग्णालयातून मिळणाऱ्या आहारपत्रकात बहुधा अंडी, मध, चिकनचे सूप, कुस्करलेला बटाटा अशा गोष्टी असतात. जैन कुटुंब ते पत्रक पाहून गोंधळते. काहीजण संकोचाने डॉक्टरांना काही न विचारता पत्रकच बाजूला ठेवतात आणि रुग्णाला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवतात. ही गोष्ट सर्वांत धोक्याची. नियम सांभाळूनही पोषण पुरे करता येते, मात्र त्यासाठी हिशेब मांडावा लागतो.

अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ते ३५ कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसास म्हणजे सुमारे २००० कॅलरी व ७५ ते ९० ग्रॅम प्रथिने. समजा, लातूरच्या गंजगोलाईत दुकान असलेले एक गृहस्थ डिसेंबरात हे उपचार घेत आहेत आणि नवकारशी व सूर्यास्तापूर्वी भोजन हा त्यांचा नेम आहे. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, त्यापुढे ४८ मिनिटे. सूर्यास्त पावणेसहा-सहाच्या दरम्यान. हाती उरतात जेमतेम सव्वादहा तास. घसा एका वेळी एका वाटीहून अधिक घेत नाही. तेव्हा दर दीड तासाने एक, अशा सात वाट्या आणि प्रत्येक वाटीत पावणेतीनशे ते तीनशे कॅलरी, असा मेळ घालावा लागतो. साध्या पेजेने तो बसत नाही. पण त्याच पेजेत दोन चमचे साजूक तूप घातले की ९० कॅलरी वाढतात आणि घास निसटूनही जातो. मुगाचे घट्ट कढण गाळून व तूप घालून, राजगिऱ्याची खीर, शेंगदाण्याचे बारीक वाटलेले कूट दुधात शिजवून, मऊ पनीर दुधात घोटून, दुधी किंवा लाल भोपळा शिजवून, घोटून. शंभर ग्रॅम मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात त्याहून थोडी अधिक. द्विदलाचा दोष टाळण्यासाठी डाळीच्या वाटीत कच्चे दही-ताक न घालता ते वेगळ्या वेळी द्यावे. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर हा हिशेब आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्यावा.

अन्न कोमट किंवा गार असावे. गरम फोडणीच्या वासाने मळमळते, कारण चव गेली तरी वास बहुधा शाबूत असतो. वास शाबूत असतो याचा लाभही घेता येतो: वेलची, केशर, जायफळ यांच्या सुगंधाने खीर ‘खीर’ वाटते. पाणी धातूसारखे लागत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरून पाहावा. लिंबू, चिंच, टोमॅटो व्रण भरेपर्यंत दूर ठेवावेत. एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी. ती थुंकायची असते, गिळायची नाही.

चौविहाराचे काय, हा प्रश्न मात्र हिशेबाने सुटत नाही. कोरड्या तोंडाच्या माणसाला रात्र फार लांब असते. जीभ टाळूला चिकटते, झोप मोडते. अशा वेळी चौविहाराऐवजी तिविहाराचे प्रत्याख्यान घेऊन उकळलेल्या पाण्याचे घोट घेण्याची सोय परंपरेतच आहे. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाला रात्रीही आहार द्यावा लागला तर घरातील वृद्धांना अपराधी वाटते. पोरसी, आयंबिल, उपवास यांच्या प्रत्याख्यानाच्या पाठातच ‘सर्व समाधि’ नावाचा आगार ठेवलेला आहे. असह्य व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधादी घेतल्याने प्रत्याख्यान भंगत नाही, असा त्याचा आशय. आपल्या पूर्वाचार्यांनी ही दारे विचारपूर्वक ठेवली आहेत. महाराजसाहेबांना उपचारांपूर्वीच भेटून मार्गदर्शन घेतले तर पुढचा मनस्ताप टळतो. पर्युषण किंवा दशलक्षण पर्व उपचारांच्या काळात आले तर उपवासाचा आग्रह कोणीही धरू नये, रुग्णाने स्वतःही नाही.

येथे आणखी एक नाजूक विषय येतो. खाणे सुटत चालले की कोणीतरी दबक्या आवाजात संथाऱ्याचा उच्चार करतो. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखनेसाठी ज्या परिस्थिती सांगितल्या, त्यांत रोग आहे. पण ज्यावर उपाय उरला नाही असा रोग. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला, त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्या वेळी समाज रस्त्यावर उतरला होता. ज्या व्रतासाठी एवढे केले, त्याचे नाव उपचार चालू असलेल्या, बरा होऊ शकणाऱ्या माणसाच्या उशाशी घेणे हे त्या व्रताला कमीपणा आणणारे आहे.

घरातील स्त्रियांचे दुःख फारसे कोणी बोलत नाही. तीस-चाळीस वर्षे जिच्या हाताची चव वाखाणली गेली, तिने केलेला शिरा पती तोंडात घेऊन बाजूला ठेवतो. ती मीठ वाढवते, साखर वाढवते, पुन्हा करते. तो तिला वाईट वाटू नये म्हणून “छान आहे” म्हणतो आणि वाटी अर्धी सोडतो. खोटे बोलण्यापेक्षा “आज काही लागत नाही, पण घेतो” असे म्हणणे दोघांनाही हलके करते. आणि पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानांनी अशा पाहुण्यापुढे वाढपी पाठवू नये. मनुहार ही आपली शोभा खरी. गिळता न येणाऱ्या माणसाला मात्र ती शिक्षा होते. बरेचजण याच भीतीने लग्नकार्याला जाणे सोडतात.

चव परत येते का? बहुतेकांची हळूहळू येते. काही महिने, कधी वर्षभर लागते आणि सर्वांची पूर्ण येतेच असे नाही. कोणती रुची आधी येईल हे प्रत्येकाचे वेगळे. म्हणून नको वाटलेला पदार्थ कायमचा बाद न करता पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा चमचाभर चाखावा. लाळेचा कोरडेपणा अधिक चिवट. काहींना तो जन्मभर पुरतो व पाण्याची बाटली सोबतीला ठेवावी लागते. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर आखडतात, म्हणून नळी असतानाही डॉक्टरांच्या परवानगीने थोडेथोडे गिळत राहावे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम सोडू नयेत. दातांची तपासणी किरणोपचारांपूर्वीच व्हावी. नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो.

आपल्या भागातील रुग्ण बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात जातात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात, मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात जाऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने राहतात. औषधाला मदत करणारे दाते समाजात आहेत. उणीव आहे ती परगावाहून परतल्यावरच्या सहा महिन्यांतील जेवणाची. विशेषतः जेथे घरात दोघेच वृद्ध आहेत, तेथे.

जेथे आयंबिल खाते चालते, तेथे मऊ शिजविण्याची, मसाल्याविना रांधण्याची आणि सूर्यास्तापूर्वी वेळेवर वाढण्याची सवय असलेली माणसे आधीच आहेत. ओळीव्यतिरिक्तच्या दिवसांत त्याच स्वयंपाकघरातून दोन-चार रुग्णांच्या घरी सकाळी दहाला आणि दुपारी चारला मुगाचे कढण व खीर यांचा डबा जाऊ शकतो. फरक एवढाच की या डब्यात तूप घालायचे आहे, आणि तेही सढळ हाताने.