मिश्रधातूंचे घनीभवन : गुरुत्वाकर्षण आणि कंपन



शिरवळहून खंबाटकी घाट ओलांडून वाईकडे गेले, की कृष्णाकाठी मेणवली हे गाव लागते. नाना फडणविसांच्या वाड्याजवळील घाटावर तेथे एक मोठी घंटा आहे. १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर मराठ्यांनी ज्या घंटा आणल्या, त्यांपैकी ती एक होय. घंटेच्या धातूत तांबे आणि कथिल साधारणतः चारास एक या प्रमाणात असतात. परंतु नाद केवळ या प्रमाणावर अवलंबून नसतो. साच्यात ओतलेला रस कसा थिजला, यावरही तो अवलंबून असतो. आत भेग वा पोकळी राहिली, तर घंटा बद्द वाजते.

शुद्ध धातू एका ठरावीक तापमानाला थिजतो. मिश्रधातूचे बहुधा तसे नसते. तो हळूहळू, तापमानाच्या एका टप्प्यात घट्ट होतो. प्रथम झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक वाढू लागतात. ते एक घटक अधिक प्रमाणात सामावून घेतात व दुसरा बाहेर लोटतात. परिणामी फांद्यांमधील द्रवाची घडण बदलते आणि घडण बदलली की वजनही बदलते. येथेच गुरुत्वाकर्षणाचे कार्य सुरू होते.

शिसे आणि कथिल यांचे उदाहरण घेऊ. शिशाची घनता सुमारे ११.३, तर कथिलाची सुमारे ७.३ आहे. शिशाचे प्रमाण अधिक असलेला रस तळाकडून थंड केला, तर शिशाचे स्फटिक प्रथम बनतात आणि उरलेल्या द्रवात कथिल वाढते. तळाचा हा द्रव थंड असूनही हलका होतो व वर उसळतो. उलट, कथिल अधिक असेल तर बाहेर लोटले जाणारे शिसे जड असल्याने तळाशी स्थिर राहते. म्हणजे केवळ उष्णता नव्हे, तर घटकांची वाटणीही अभिसरण घडविते. वर उसळणारा प्रवाह वाटेतील कोवळ्या फांद्या विरघळवितो व उभे मार्ग कोरतो. पुढे हे मार्ग थिजले, की तेथे घटकांचे प्रमाण बिघडलेले ठिपके राहतात. नंतर कितीही तापविले तरी इतक्या मोठ्या अंतरावरील ही विषमता प्रायः दूर होत नाही. जेट इंजिनाच्या पात्यात असा दोष राहिला, तर ते पाते नाकारावे लागते.

बिडाच्या ओतकामातही गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव दिसतो. कर्बाचे प्रमाण फार झाले, की हलके ग्राफाइट वर तरंगते आणि ओतीव वस्तूचा वरचा भाग दुबळा होतो. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथील लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती गेले. नांगराचा किंवा पंपाचा ओतीव भाग ऐन हंगामात मोडला, तर नुकसान कारखान्यापुरते राहत नाही; ते शेतापर्यंत पोहोचते.

गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव वगळून घनीभवन पाहता येईल काय? कक्षेत फिरणाऱ्या यानात हे बऱ्याच अंशी शक्य होते. ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरील सुमारे नऊ दशांश असतेच. परंतु यान व त्यातील सर्व वस्तू एकत्रच मुक्तपणे पडत असल्याने हलके-जड हा भेद जवळजवळ नाहीसा होतो. १९७१ च्या अपोलो-१४ मोहिमेत असे प्राथमिक प्रयोग झाले. भारताने १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या अवकाश-कुपीत धातू वितळवून त्याचे स्फटिक बनविण्याची भट्टी होती. ती कुपी २२ जानेवारी रोजी बंगालच्या उपसागरातून सुखरूप परत मिळविण्यात आली.

तथापि अवकाशातही पूर्ण शांतता नसते. अंतराळवीरांचा व्यायाम, पंप, पंखे यांमुळे यान कंप पावते. गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव क्षीण झाल्यावर हे सूक्ष्म धक्केच द्रव हलविण्यास पुरेसे ठरतात. त्यांतही मंद गतीचे कंपन अधिक त्रासदायक असते. अतिजलद कंपनाला प्रतिसाद देण्यास द्रवाला सवडच मिळत नाही.

हेच कंपन जमिनीवर मात्र उपकारक होऊ शकते. साच्याला योग्य वेळी, मोजके कंपन दिल्यास स्फटिकांच्या फांद्या तुटतात. प्रत्येक तुकडा नव्या स्फटिकाचे बीज होतो आणि धातूचे कण बारीक होतात. बारीक कणांचा धातू सामान्यतः अधिक बळकट असतो. कंपन अवाजवी झाले, तर साचाच ढासळतो. प्रमाण आणि वेळ साधण्यातच ओतारी कारागिराचे कौशल्य असते.

शिरवळ परिसरात आज कारखाने उभे आहेत आणि गावोगावची मुले त्यांत कामास जातात. शाळेत काचेच्या चंचुपात्रातील पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून ते तळाकडून सावकाश तापविले, तर अभिसरणाचा जांभळा प्रवाह मुलांना डोळ्यांनी पाहता येतो. एवढ्यासाठी एक पात्र, एक स्टोव्ह व शिक्षकाचा अर्धा तास पुरतो. ज्या मुलाने तो प्रवाह पाहिला आहे, त्याला उद्या ओतशाळेतील सदोष वस्तू हा नशिबाचा खेळ वाटणार नाही. तो त्याचे कारण शोधू लागेल.