पुसलेलं जातं कुठं?

(जळकोटच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी विचारवंत बिचारवंत नाही. मॅट्रिक झालेला गोदी कामगार, रात्री कविता करतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ह्या गावात आलो ते मावसभावामुळं. बांधावरनं भांडण झालं, त्याला चारचौघांत जातीवरनं शिव्या पडल्या. त्यानं मुंबईला फोन केला. मी रात्रपाळीत धक्क्यावर मोबाईल काढला आणि गुगलला विचारलं : १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा कसा नोंदवायचा? वाचलं आणि लगेच पुसलं. कारण आमच्या टोळीत मोबाईल ह्या हातातनं त्या हातात फिरतो आणि मुकादमाची नजर वाईट. कायदा आपल्यासाठी, आणि तो शोधताना साला आपणच चोर!

तर पुसलेलं जातं कुठं? फोनमधली यादी पुसली की फोनमधली यादीच जाते. गुगलच्या खात्यातली नोंद वेगळी, ती तिथं जाऊन वेगळी पुसावी लागते. पुसली की आपल्याला दिसायची बंद होते. पण कंपनी स्वतःच सांगते की तिच्या यंत्रांतनं ती पुरती जायला साधारण दोन महिने लागतात, बॅकअपमध्ये सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. गोदीत टॅली क्लार्क असतो. गोणी ट्रकात गेली, ट्रक गेला, जहाजही गेलं, तरी त्याच्या वहीत गोणी हायच. मोबाईल कंपनीची वही आणखी निराळी. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं लायसन्सच्या अटी बदलून इंटरनेट जोडणीच्या नोंदी निदान दोन वर्षं ठेवायला लावल्या. आणि 'इनकॉग्निटो'वर फार विसंबू नका. अमेरिकेतल्या खटल्यात २०२४ साली गुगलनं त्यातल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. म्हणजे त्या होत्या!

पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या कमरेला झाडू बांधत, पाऊल उमटू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या, त्यांना करू न दिलेल्या भाषणात हे लिहून ठेवलंय. आता उलटं झालंय. आपण पुसतो, पाऊल राहतंय.

पण हे पुसणाऱ्या प्रत्येकालाच लागू. भीमा कोरेगावच्या खटल्यात स्टॅन स्वामींचा संगणक जप्त झाला, १२ जून २०१९ ला. बचाव पक्षासाठी तो अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं तपासला. त्यांचा डिसेंबर २०२२ चा अहवाल म्हणतो, कुणीतरी दुरून त्यात घुसून फायली पेरल्या, आणि जप्तीच्या आदल्या रात्री आपल्या खुणा पुसायला घेतल्या. त्या पुसण्याच्याच खुणा मिळाल्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. म्हातारा मात्र ५ जुलै २०२१ लाच कोठडीत गेला होता. अहवाल त्याला वाचायला मिळाला नाही.

खात्यात तीन महिन्यांनी आपोआप पुसायची सोय आहे, ती लावून घ्या. बैठक संपल्यावर ज्याला येत नाही त्याला दाखवतो. पण मी तो प्रश्न काल एसटीत पुन्हा टाईप केला, आणि ह्या वेळी ठेवलाय. भावाचा अर्ज लिहून झालाय. तारीख, वेळ, साक्षीदारांची नावं, सगळं कागदावर. उद्या सकाळी दहाला ठाण्यात जायचंय. एकट्यादुकट्यानं नाही.

कोण कोण येतंय, हात वर करा.