भूमातेचे ऋण आणि चुन्याची ओंजळ

(ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

अथर्ववेदातील भूमिसूक्तात ६३ मंत्र आहेत. त्यांपैकी एका मंत्रात ऋषी भूमीला विनवतो की, तुझ्यातून जे खणून घेतले जाते ते सत्वर भरून यावे आणि तुझ्या मर्माला इजा पोहोचू नये. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने घेतलेले परत करण्याचे दायित्वही स्वीकारले होते, हाच त्याचा अर्थ. दोहन आणि शोषण यांतील भेद कार्यकर्त्यांना नवा नाही. तो शेताच्या बांधावर कसा पाळायचा, हा आजचा विषय आहे. विषय साधा आहे : आम्ल जमीन आणि तिला लागणारा चुना.

कोकणातील कोणत्याही वाडीत दिसणारे एक चित्र आहे. मुलगा मुंबईला नोकरीत. म्हातारे आई-वडील घरी. मुलगा खताच्या गोण्यांसाठी दरवर्षी पैसे पाठवतो. गोण्या वाढतात, पीक मात्र वाढत नाही. ‘जमीनच संपली’ असे म्हणून एके दिवशी शेत पड टाकले जाते आणि घराला कुलूप लागते. वास्तविक जमीन संपलेली नसते. ती आम्ल झालेली असते. रोगाचे निदान न करता औषध पाजत राहावे, तसा हा प्रकार आहे.

कोकणच्या जांभ्या जमिनीवर वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. हे पाणी मातीतील चुना आणि मॅग्नेशियम शतकानुशतके धुऊन नेत आले आहे. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतात. त्यात अमोनियम सल्फेट, युरिया यांसारख्या खतांनी आम्लता आणखी वाढते. मातीची आम्लता ‘सामू’ या मापाने मोजतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. या मापाची एक खुबी ध्यानात ठेवली पाहिजे. सामू ६ वरून ५ वर आला, तर आम्लता दहा पटींनी वाढलेली असते. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांना जाळू लागते, आणि खतातून घातलेला स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जाऊन पिकाला मिळेनासा होतो. शेतकऱ्याने पैसे मोजून घातलेले खत मातीत अडकून पडते, ते असे. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी बांधून हवेतील नत्र मिळवणारे जिवाणूही अशा मातीत निस्तेज होतात.

आपल्या पूर्वजांना हे रसायनशास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हते. पण अनुभवाने ठाऊक होते. रोपवाटिकेत पालापाचोळा, शेण, कवळ पसरून राब भाजण्याची प्रथा त्याचीच साक्ष देते. राखेतून चुना आणि पालाश मिळतो, आम्लता किंचित उतरते, तणाचे बी मरते. तथापि परंपरेचा अभिमान बाळगताना तिची किंमतही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. राबासाठी झाडे छाटली जातात आणि ज्या पालापाचोळ्याचे उत्तम कंपोस्ट झाले असते, तो जळून जातो. पूर्वजांचा हेतू जपावा, साधन सुधारावे.

ते साधन म्हणजे चुना. मात्र चुना टाकण्यापूर्वी माती तपासली पाहिजे. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे, सुमारे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत. त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र करावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हे करीत राहावे. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा वगळावा. केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामूची नोंद असते. पण केवळ सामूवरून चुन्याची मात्रा ठरत नाही. त्याच सामूच्या चिकण, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या मातीला वालुकामय मातीहून अधिक चुना लागतो. म्हणून प्रयोगशाळेकडून ‘चुन्याची गरज’ स्वतंत्रपणे विचारून घ्यावी.

आता चुना कोणता? दळलेली चुनखडी सर्वांत सुरक्षित. ती सावकाश, पण दीर्घकाळ काम करते. मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट घ्यावे. कळीचा चुना जलद आणि तीव्र. शंभर किलो शुद्ध चुनखडीचे काम ५६ किलो शुद्ध कळीचा चुना किंवा ७४ किलो विरवलेला चुना करतो. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची जुनी परंपरा आहे. केरळातील कुट्टनाडचे शेतकरीही शिंपल्यांचा चुना आम्ल भातखाचरांत वापरत आले आहेत. जवळ मिळणारी वस्तू वापरणे ही स्वदेशीची पहिली पायरी होय. चुना जितका बारीक, तितका गुणकारी. खड्यांनी काही साधत नाही.

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. अहवालात हेक्टरी २ टन शुद्ध चुनखडीची गरज आली आणि हाती आलेला माल ८० टक्के शुद्ध असला, तर अडीच टन लागेल. म्हणजे गुंठ्याला सुमारे २५ किलो. एवढा खर्च एकदम झेपत नसेल, तर पेरणीच्या सरीतच दरवर्षी हेक्टरी २ ते ४ क्विंटल चुना देण्याची पद्धत आहे. लहान शेतकऱ्याला ती परवडते.

चुना पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी पसरून वरच्या १५ सेंटिमीटर थरात मिसळावा. अमोनियायुक्त खत किंवा ताजे शेणखत यांच्याबरोबर तो कधीही मिसळू नये. नत्र वायुरूपाने उडून जातो. कळीचा चुना विरवताना प्रचंड उष्णता निर्माण होते. डोळे, हात झाकावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

चुना सर्वत्र टाकायचा नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. भातखाचरात पाणी साठले की सामू काही आठवड्यांत आपोआप वर सरकतो. म्हणून चुन्याचा पहिला मान भाताला नव्हे, तर भुईमूग, चवळी, वाल, भाजीपाला यांना द्यावा. काजू आणि अननस आम्लता बऱ्यापैकी सोसतात. देशावरील काळ्या जमिनीत तर मुळातच चुनखडी असते. तिथे चुना घालणे म्हणजे अपथ्य. चोपण जमिनीला जिप्सम लागते. उलट, जिप्सम आम्लता घालवत नाही. नावाने सारखे वाटणारे उपाय गुणाने वेगळे असतात. आम्ल जमिनीतही अतिरेक नको. सामू ६ ते ६.५ वर थांबावे, अन्यथा जस्त, लोह, बोरॉन यांची उणीव भासू लागते.

बंधू-भगिनींनो, हे काम एकट्यादुकट्याचे नाही. गाडीभर चुना एका कुटुंबाला महाग पडतो. दहा कुटुंबांनी मिळून आणला तर आवाक्यात येतो. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वाडीतील दहा शेतांचे नमुने तपासणीला पोहोचवावेत आणि आलेला अहवाल त्या घरी बसून समजावून सांगावा. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यानेही खताच्या गोणीचे पैसे देण्याआधी वडिलांना एक प्रश्न विचारावा : आपल्या मातीचा सामू किती? या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात असेल, त्या घराला कुलूप लागण्याची वेळ कदाचित टळेल. मातेचे ऋण केवळ जयघोषाने फिटत नाही. तिला काय दुखते, हे आधी विचारावे लागते.