तिचं नाव कोणी ठेवायचं?

(अकोल्यात भरलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

आजच्या सत्राचा विषय आहे 'नाव आणि ओळख'. त्यावर मी मोठं विवेचन करणार नाही. आमच्याच घरातली एक गोष्ट सांगते. ती सांगायला हवी, कारण तिच्यात चूक इतरांची आहे तशी माझीही आहे.

माझी भाची अमरावतीची. नर्स झाली, लग्न होऊन इथे अकोल्यात आली. नंतर नवरा-बायको दोन वर्षं वेल्समध्ये राहिली. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला छोटा देश. कार्डिफ ही त्याची राजधानी. तिथल्या एका दवाखान्यात ती नोकरी करत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गेल्या वर्षी ती अमरावतीला आली आणि तिला मुलगी झाली. 'पहिली बेटी, धनाची पेटी' असं सगळे म्हणाले. मुलगा झाला असता, तर कोणाला म्हण आठवावी लागली नसती.

चौथ्या दिवशी भाचीने सांगितलं, "हिचं नाव सेरेन." वेल्श भाषेत सेरेन म्हणजे तारा, आकाशातली चांदणी.

घरात एकच गोंधळ उडाला. आमची म्हातारी आई म्हणाली, "सेरेन? पोट्टी काय शेरानं मोजली का वो?" अकोल्याहून सासऱ्यांचा फोन आला. राशीचं अक्षर निघालं आहे, नाव त्याच अक्षरावरून ठेवायचं, आणि ते आत्याच ठेवेल. इंग्रजी नाव आमच्या घरात चालायचं नाही.

आणि मी? पंचवीस वर्षं चळवळीत काढलेली बाई. मी म्हटलं, "अगं, सावित्री ठेव, मुक्ता ठेव. नाहीतर तारा ठेव. अर्थ तोच आहे आणि आपल्या वऱ्हाडचं आहे." मग मी तिला ताराबाई शिंदेंबद्दल सांगू लागले. त्या बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सगळे दोष बायकांच्याच माथी का मारता, असा जाब त्यांनी पुरुषांना विचारला. लोकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, सासरे नाव सांगतात, आजी नाव सांगते, तूही नावच सांगतेस. मला हे का ठेवावंसं वाटलं, हे कोणी विचारलं का?"

मैत्रिणींनो, मी खाली बसले आणि विचारलं.

ती म्हणाली, पोटुशी असताना मी रात्रपाळी करत होते. सोबतीला एक वयस्क बाई असायच्या, त्यांचं हे नाव. त्या मला बळेच बसवून चहा द्यायच्या. त्यांनीच सांगितलं, की आमची भाषा इंग्रजी नाही. एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडी फळी अडकवत आणि शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात राहील त्याला मार मिळे. ती भाषा आज टिकून आहे. २०११ च्या कायद्याने तिला वेल्समध्ये अधिकृत दर्जाही मिळाला. म्हणून आम्ही पोरींना आमच्या भाषेतली नावं ठेवतो, असं त्या म्हणायच्या.

हे ऐकताना मला माझी शाळा आठवली. मी 'मले' म्हटलं की वर्ग हसायचा. 'मला' म्हण, 'मला' म्हण, असं बाई दहादा म्हणवून घ्यायच्या. तेव्हा सासऱ्यांनी ज्याला इंग्रजी नाव म्हटलं, ते इंग्रजीपुढे दबलेल्या लोकांचं नाव निघालं.

तिने आणखी एक सांगितलं. वेल्समध्ये पूर्वी मुलीच्या नावापुढे 'वेर्ख' लावून बापाचं नाव जोडत. म्हणजे अमक्याची लेक. बाराव्या शतकात ग्वेनलियन वेर्ख ग्रिफिद नावाची राजकन्या होऊन गेली. ११३६ साली नॉर्मन सैन्याविरुद्ध ती फौज घेऊन लढली आणि मारली गेली. आजही ती बापाच्याच नावाने ओळखली जाते. आईचं नाव तिथेही नाही. तेव्हा परदेशातलं सगळं चांगलं, असं माझं म्हणणं नाही.

पण खरी गोष्ट तिने शेवटी सांगितली. "लग्नात अकोल्याला ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. मला ते ताट समोर आल्यावर कळलं. चोवीस वर्षं जे नाव माझं होतं, ते पाच मिनिटांत गेलं. मी गप्प बसले. सगळे फोटो काढत होते. आता माझ्या लेकीचं नावही मला न विचारता ठेवणार असाल, तर मी गप्प बसणार नाही."

आपल्याकडे नाव ही साधी गोष्ट कधीच नव्हती. मुलगी नको झाली की तिला 'नकोशी', 'नकुसा' म्हणायचं. साताऱ्यात २०११ साली अशा अडीचशेहून जास्त मुलींनी एका कार्यक्रमात नवी नावं घेतली. ज्यांना गावाने दगडू, कचरू म्हटलं, त्यांच्या घरांत १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सुजाता, गौतमी, यशोधरा जन्मल्या. नाव बदललं की माणूस ताठ उभा राहतो, हे त्या वस्त्यांनी दाखवून दिलं. पण तिथे नाव आपल्या मर्जीने घेतलेलं होतं आणि तांदळाच्या ताटात ते दुसऱ्याच्या मर्जीने लादलेलं असतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आता कागदाचं बोलू. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव द्यावंच लागतं असं नाही. बाळाच्या नावाची जागा कोरी ठेवता येते. नोंदीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा "उद्याच नाव द्या, नाहीतर दाखला मिळणार नाही" अशी घाई कोणी केली, तर बाळंतिणीला हे सांगा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखल्याचाच पुरावा लागणार आहे. एकदा लिहिलेलं नाव जन्मभर सोबत राहतं.

दुसरं. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय केला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. आपल्या अनेक वर्षांच्या मागणीचा हा विजय आहे. मात्र विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही पद्धत त्याच निर्णयाने कायम ठेवली. म्हणजे लेकीच्या नावात आई आली, पण ती आई स्वतः नवऱ्याच्याच नावाने लिहिली जाणार. माझ्या भाचीपुढे तर आणखी एक प्रश्न उभा राहिला. लेकीच्या नावात आईचं नाव लिहायचं ते कोणतं? माहेरचं की तांदळातलं?

बाराव्या दिवशी बारसं झालं. आत्या अकोल्याहून आली. पन्नाशीची बाई, फारशी न बोलणारी. पाळण्याशी बसली आणि भाचीला म्हणाली, "तुले काय ठेवाचं हाय, सांग." सासरे काही बोलायच्या आत तिने त्यांना थांबवलं. "माहं बी नाव बदललं होतं, दादा. माय गेली, तवापासून मले माहेरच्या नावानं हाक मारनारं कोनी उरलं नाही." ती वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "सेरेन."

खोली शांत झाली. मग आमची आई म्हणाली, "मी तं बाई चांदनीच म्हनीन." सगळे हसले, भाचीही हसली. सासरे जेवले, पण बोलले नाहीत. दोन महिने ते बाळाला नुसतं 'बाळ' म्हणत. हेही सांगायला हवं, कारण एका बारशाने घर बदलत नाही.

दाखल्यावर नाव लागलं ते सेरेन. त्यापुढे आईचं नाव, तिचं माहेरचं, जे तिच्या पासपोर्टावर कायम होतं.

मैत्रिणींनो, वेल्श नाव ठेवा किंवा वऱ्हाडी ठेवा, हे सांगायला मी उभी नाही. नावांची यादी देणं सोपं असतं, मीही तेच केलं. गावात गेलात आणि घरात पाळणा दिसला, तर बाळाचं नाव काय, एवढं विचारून थांबू नका. आईला विचारा, "तुला काय ठेवायचं होतं?" आणि तिथे बसलेल्या सासूला, आत्याला, आजीला विचारा, "तुमचं माहेरचं नाव काय?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तिथे बसा.