श्वासाची वाट



दिवसभराच्या उन्हानंतर चार चांगले विचार ऐकावेत म्हणून आपण संध्याकाळी येथे येता, आणि आजचा वक्ता मात्र कफाच्या नि बेडक्याच्या गोष्टी सांगणार! विषय ओंगळ आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचविला आणि त्याबरोबर दोन समजुतीही पोहोचविल्या. एक अशी की, यंत्र लावले म्हणजे चिंता मिटली. दुसरी अशी की, यंत्र लावले म्हणजे माणूस गेलाच. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. यंत्र हवा आत ढकलते, एवढेच. त्या हवेची वाट मोकळी ठेवण्याचे काम माणसाच्या हाताला करावे लागते. त्या हाताविषयी मला आज बोलायचे आहे.

प्रथम आपले शरीर हे काम कसे करते ते पाहू. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला ओलसर, चिकट असा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आत गेलेली धूळ व जंतू त्यात अडकतात. त्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि तो थर सतत वर, घशाकडे सरकवीत राहतात. घशाशी आलेला कफ आपण नकळत गिळून टाकतो. जास्त साचला तर खोकला येतो. खोकताना आपण क्षणभर कंठ मिटतो, आत दाब वाढवतो आणि एकदम सोडतो. त्या झटक्यासरशी कफ बाहेर पडतो. शिवाय नाक हवेला ऊब आणि ओलावा देते, म्हणून कफ पातळ राहतो.

आता रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली, की काय होते? नाक बाजूला पडते आणि कोरडी हवा थेट आत जाऊ लागते. म्हणून यंत्राला हवा ओली करण्याची सोय जोडावी लागते. नळीमुळे कंठ उघडा राहतो, तेव्हा जोराचा खोकला काढता येत नाही. गुंगीच्या औषधाने खोकण्याची इच्छाच मंदावते. कफ साचतो, घट्ट होतो आणि नळी तुंबू लागते. धोमचा डावा कालवा ज्यांच्या शिवारातून जातो, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. धरण काठोकाठ भरलेले असले तरी चारीत गाळ साचला, तर शेवटच्या वावराला पाणी मिळत नाही. तेथे दोष धरणाचा नसतो; चारी उपसणारा माणूस वेळेवर आलेला नसतो.

या साध्या गोष्टीचे मोल जगाला एका साथीने शिकविले. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येऊ लागले. पहिल्या ३१ रुग्णांना त्या काळची श्वासयंत्रे लावली, तरी त्यांपैकी २७ दगावले. ती यंत्रे छाती बाहेरून ओढीत; परंतु गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या घशात साचलेली लाळ व कफ काढण्याची वाट त्यांत नव्हती. रुग्ण स्वतःच्याच लाळेत बुडत होते. डॉ. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडवून त्यातून फुगा असलेली नळी बसविली, आतला कफ ओढून काढला आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती मुलगी वाचली. पुढे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ऐंशीच्या वरून चाळिसाच्या आसपास उतरले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तेथे झाला.

आपल्याकडे हा धडा धनुर्वाताने गिरवून घेतला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारूख उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या रुग्णांची अतिदक्षतेत सेवा केली व १५० रुग्णांचा अनुभव १९८७ साली प्रसिद्ध केला. हा रोग असा की, नुसत्या स्पर्शाने अंगाला आचके येतात. अशा रुग्णाचा कफ काढणे म्हणजे झोपलेल्या विस्तवाशी खेळ. आणि न काढावा, तर श्वास कोंडतो.

परंतु आपल्या तालुक्याला अधिक जवळचे उदाहरण मण्यार सापाचे आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते. दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पापण्या मिटू लागतात, बोबडी वळते, गिळता येत नाही, तोंडात लाळ साचते आणि मग श्वास थांबू लागतो. अशा रुग्णाला प्रतिविष द्यावे लागते, आणि प्रसंगी कित्येक दिवस यंत्रावर ठेवावे लागते. तेवढे दिवस त्याची वाट मोकळी राहिली, तर तो बहुधा पूर्ण बरा होऊन घरी चालत जातो. आणि एक गोष्ट आपण विसरू नये: तो निपचित पडलेला दिसतो, पण पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो. आपले सारे बोलणे तो ऐकत असतो. म्हणून चांगली परिचारिका त्याला नावाने हाक मारून सांगते, “आता कफ काढते हं, थोडा ठसका लागेल.”

हे काम कसे करतात? हात धुऊन, निर्जंतुक बारीक नळी घेतात. ती मोठ्या नळीच्या पोकळीच्या निम्म्याहून जाड नसावी. आधी अर्धा ते एक मिनिट जादा प्राणवायू देतात. मग नळी आत सरकवून, बेताच्या जोराने कफ ओढून, पंधरा सेकंदांच्या आत बाहेर काढतात. आपण येथे बसल्या बसल्या पंधरा सेकंद श्वास रोखून पाहा, म्हणजे ही मर्यादा का घातली ते कळेल. अधिक वेळ लावला तर प्राणवायू घटतो, नाडी मंदावते. आतील नाजूक त्वचा खरचटली तर रक्त येते. म्हणून हे काम घड्याळ पाहून करायचे नसते. छातीतील घरघर, यंत्राच्या पडद्यावरील करवतीसारखी दातेरी रेषा आणि प्राणवायूचा उतरता आकडा पाहून करायचे असते. नळीत दर वेळी सलाईनचे पाणी सोडण्याची जुनी रीतही आता सरसकट पाळली जात नाही. उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवणे, कूस बदलणे, तोंड स्वच्छ ठेवणे हेही याच कामाचे भाग होत.

आता नातेवाइकांविषयी दोन शब्द. कफ काढताना रुग्णाचा चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येते. “किती हाल करता हो!” असे आपण म्हणता. ते क्षणाचे हाल आहेत, हे खरेच. पण ते टाळले तर कोंडमारा तासांचा होतो. पुष्कळ दिवस नळी ठेवणे भाग पडले, की डॉक्टर गळ्यातून वाट करण्याची परवानगी मागतात. “गळा कापू देणार नाही,” असे म्हणून ती नाकारली जाते. वास्तविक ही वाट आखूड असते, तिच्यातून कफ काढणे सोपे जाते, रुग्णाला आरामही पडतो. आणि नळी काढल्यावर ते छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरून येते. नाही म्हणण्याचा अधिकार आपला आहेच. तो वापरण्यापूर्वी मात्र डॉक्टरांना नीट विचारून घ्यावे. आणि कितीही श्रद्धा असली, तरी यंत्रावरील रुग्णाच्या तोंडात तीर्थाचा थेंबसुद्धा परस्पर घालू नये. तो चुकून फुप्फुसात उतरू शकतो.

शेवटी एक मागणे. साथीच्या वर्षांत यंत्रे आली, पण ती सांभाळणारे शिकलेले हात तितक्या वेगाने आले नाहीत. यंत्र देणगी दिले की दात्याच्या नावाची पाटी भिंतीवर लागते. रात्री तीन वाजता घरघर ऐकून उठणाऱ्या परिचारिकेच्या पगारासाठी वर्गणी दिली, तर पाटी लागत नाही. यंत्रावरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. त्याचा खर्च मात्र कोणालाच नको असतो. यापुढे आपण कोणत्याही रुग्णालयात गेलात, तर “तुमच्याकडे यंत्रे किती?” एवढेच विचारू नका. “रात्रपाळीला माणसे किती?” हेही विचारा. असे विचारणारे नागरिक गावोगाव निघाले, तर माझ्या या ओंगळ विषयाचे सार्थक झाले असे मी समजेन.